मनगटाच्या ड्रिलनं पिचिंग सुधारतं का? सातवीतल्या पिचरच्या वडिलांना उत्तर

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगी बारा वर्षांची, सातवीत, शाळेच्या १४ वर्षांखालच्या सॉफ्टबॉल टीममध्ये पिचर, म्हणजे बॅटरकडं बॉल टाकणारी, उजव्या हाताची. सर रोज तिला एक गुडघा टेकवून बसवतात, ग्लोव्हच्या हातानं बॉलच्या हाताचं कोपर धरायला लावतात आणि नुसतं मनगट झटकून भिंतीवर बॉल मारायला सांगतात, दीडशे वेळा. महिना झाला, स्पीड काय वाढला नाही, मॅचमध्ये बॉल कधी बॅटरजवळच्या होम प्लेटच्या आधीच टप्पा खातो तर कधी मागं बॉल धरणाऱ्या कॅचरच्या डोक्यावरनं जातो, आणि आता मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला दुखायला लागलंय. त्यात तुम्ही मोबाईलवर एका कोचला बघितलं तो म्हणतो मनगटाचे ड्रिल बंद करा, दुसरा म्हणतो हाच पाया आहे. मग करायचं का सोडायचं.

दुखतंय म्हटल्यावर ते दीडशेचं आजपासून बंद, त्यावर चर्चाच नाही. दुखण्याचं खाली वेगळं लिहिते. पण समजा दुखत नसतं तरी मी दीडशे करून घेतले नसते. मनगटाचा ड्रिल म्हणजे काय विष नाही, बॉल बोटातनं कसा सुटतो, कसा फिरतो हे पोरीला कळावं म्हणून दहा-पंधरा वेळा करायला माझी काहीच हरकत नाही. पण त्यानं पिचिंगची ॲक्शन तयार होते असं जे आपल्याकडं धरून चाललेत ते मला पटत नाही. स्पीड आणि कंट्रोल दुसरीकडनं येतो, मनगट ते फक्त शेवटी बॉलपर्यंत पोचवतं.

मी स्वतः युनिव्हर्सिटीला पिचिंग केलंय आणि नंतर शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून बरीच वर्षं पोरींना शिकवतेय, त्यामुळं जे लिहितेय ते ग्राउंडवरचं आहे. तुमच्या मुलीला मी बघितलेलं नाही, म्हणून काही गोष्टी 'असं असेल तर' म्हणूनच घ्या.

सरांवर राग काढायच्या आधी हा ड्रिल आपल्याकडं एवढा का चालतो ते बघा. कोल्हापुरात ग्राउंड म्हणजे फुटबॉल. पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतंय आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्राउंडवर सगळी पोरं तेच खेळत असतात, मधली जागा त्यांची, एका बाजूला कबड्डी, एका बाजूला खो-खो, आणि उरली भिंत तिथं आमच्या सॉफ्टबॉलच्या पोरी. एक सर, तीस पोरी, कॅचरचा मिट, म्हणजे जाड ग्लोव्ह, एखादाच. पूर्ण ॲक्शननं बॉल टाकायचा तर समोर लांबवर मोकळी जागा लागते, धरणारं माणूस लागतं, चुकलेला बॉल आणायला पळावं लागतं. मनगटाच्या ड्रिलला भिंत आणि बॉल एवढंच बास. पोरी ओळीनं बसलेल्या दिसतात, हेडमास्तरांनाही शिस्त दिसते. आणि बरेच सर क्रिकेटमधनं आलेले, क्रिकेटमध्ये मनगट मनगट ऐकतच मोठे झालेले, त्यामुळं इथंही मनगटच असणार असं वाटणं साहजिक आहे. ड्रिल वाईट हेतूनं नाही दिलेला, सोयीचा आहे म्हणून दिलाय.

आता मेन मुद्दा. कुठलाही ड्रिल चांगला का वाईट हे ठरवायला मी एकच बघते, ड्रिलमध्ये हात जे करतो तेच खऱ्या पिचमध्ये करतो का. तसं असेल तर ड्रिल कामाचा. हात दोन्हीकडं वेगळा चालत असेल तर पोरगी दोन वेगळ्या गोष्टी शिकतेय आणि मॅचमध्ये प्रेशर आलं की त्यातली कुठली बाहेर पडेल सांगता येत नाही.

विंडमिल पिच म्हणजे हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवून खालनं टाकलेला बॉल, त्यात काय होतं ते बघू. तुम्ही थर्ड बेसच्या बाजूला, म्हणजे पिचरच्या उजव्या हाताला, उभे आहात आणि समोर घड्याळाचा डायल आहे असं समजा. हात ६ वरनं सुरू होतो, पुढं ३ ला जातो, डोक्यावर १२ ला, मागं ९ ला, आणि परत खाली ६ च्या आसपास बॉल सुटतो. हात वर १२ ला जाऊन ९ कडं यायला लागतो त्या वेळेला डावा पाय पुढं पडलेला असतो. हा पाय फार महत्त्वाचा. तो पडतो, गुडघा आणखी वाकत न जाता टणक राहतो, पुढं धावत आलेलं अंग तिथं अडतं, आणि अंगाचा जो जोर होता तो वर कमरेत, कमरेतनं छातीत, खांद्यात, दंडात आणि मग हातात जातो. उजवा पाय मागनं जमिनीला घासत येतो. दंड खाली येऊन कमरेजवळ मंदावतो आणि तो मंदावला की कोपराखालचा हात सुसाट पुढं जातो, जाताना कमरेच्या बाजूला चाटून जातो. तळवा खाली येताना थर्ड बेसकडं बघत असतो आणि बॉल सुटेपर्यंत कोपराखालचा सगळा हात आत वळायला लागलेला असतो, सुटल्यावर तर तो पूर्ण वळून जातो.

मनगट यात वाकतं का, तर वाकतं. पण ते पोरगी मुद्दाम वाकवत नाही, मागनं आलेल्या जोरानं वाकतं. लहानपणी शाळवाच्या रानात पाखरं राखायला गोफण फिरवलेली असेल तर लगेच कळेल, दगडाला वेग सगळा फिरवण्यातनं येतो आणि शेवटी आपण फक्त एक दोरी सोडतो, त्या क्षणाला झटका द्यायला गेलं की दगड भलतीकडंच जातो.

शिवाय वेळेचा हिशेब बघा. हात वरनं खाली येऊन बॉल सुटायला सेकंदाचा अगदी थोडा भाग लागतो. आवाज ऐकून माणसाचं अंग हलायलाच साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. म्हणजे फुल स्पीडमध्ये 'आता मनगट मार' असं मेंदूनं त्या क्षणी सांगून ते होणं शक्यच नाही. मग पोरगी काय करते, सरांनी मनगट सांगितलंय म्हणून आधीपासूनच मनगट आणि कोपराखालचा हात आवळून ठेवते, तयारीत. आवळलेला हात सैल हातापेक्षा हळूच फिरतो. स्पीड वाढावा म्हणून केलेल्या ड्रिलनं स्पीड अडतो तो असा.

आता तुमच्या सरांचा ड्रिल यावर ठेवून बघा. गुडघा टेकलेला, म्हणजे पाय गेले. कोपर दुसऱ्या हातानं धरलेलं, म्हणजे दंडातनं येणारा वेगही गेला आणि हाताचं आत वळणंही अडलं. तळवा सरळ भिंतीकडं, बॉलच्या मागं, आणि मनगट खालनं वर. खऱ्या पिचमध्ये यातलं काहीच तसं नसतं. असे दीडशे रोज केल्यावर काय होतं ते मी कितीतरी पोरींत बघितलंय, बॉल सोडायच्या आधी हात क्षणभर थांबतो आणि मग मनगटानं बॉल ढकलला जातो, शेवटी कोपर वर नाकासमोर येतं. आपल्याकडं त्याला फॉलो थ्रू म्हणून शाबासकी पण मिळते. बॉल सुटून गेल्यानंतर कोपर कुठं नेलं यानं बॉलला काडीचाही फरक पडत नाही, उलट कोपर तिथं न्यायचंय म्हणून पोरगी आधीच हात कमरेपासून लांब नेते. नियमातसुद्धा सोडताना हात कमरेच्या खाली आणि मनगट कोपरापेक्षा अंगापासून लांब नको असं आहे, म्हणजे हात अंगाजवळनं जाणं नियमातही बसतं आणि ॲक्शनलाही तेच पाहिजे.

इथं एक जण नक्की म्हणणार, अहो पण अमकी पोरगी नॅशनल खेळली ती याच ड्रिलवर मोठी झाली. खरं आहे. जुन्या चांगल्या पिचरला विचारलं तर ती पण सांगते की मी शेवटी मनगट मारते. तिला तसं वाटतं, कारण बोटांना तेवढंच जाणवतं. पण तिचाच व्हिडिओ स्लो करून बघितला की वेगळंच दिसतं, हात सैल, कमरेला चाटून गेलेला, कोपराखालचा हात आत वळलेला. म्हणजे ड्रिलमध्ये केलं ते मॅचमध्ये ती करतच नव्हती, तिच्या अंगानं स्वतःच दुसरं शोधून काढलं. अशा पोरी असतात आणि त्याच पुढं जातात, म्हणून आपल्याला वाटतं ड्रिलनं गेल्या. ज्यांच्या अंगानं तसं शोधलं नाही त्या सेकंड बेसला गेल्या नाहीतर खेळ सोडून दहावीच्या क्लासला गेल्या, त्यांना कोण विचारत नाही.

जगातले स्पीड बघितले तर अमेरिकेची पिचर मोनिका ॲबट हिनं २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे साधारण १२४ किलोमीटरनं पिच टाकलाय. एवढा वेग एकट्या मनगटातनं कुठनं येणार. पिचिंगचं अंतर मोठ्या बायकांना ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर, त्यात बॅटरला विचार करायलाही वेळ मिळत नाही. ते सगळं पायापासनं उभं केलेलं असतं.

बरं मग मनगटाच्या ड्रिलचा उपयोग कुठं होतो, तेही सांगते, कारण मोबाईलवरच्या त्या पहिल्या कोचसारखं सगळंच बंद करा म्हणणंही मला जास्तीचं वाटतं.

लहान पोरींची खरी अडचण बॉल धरण्यात असते. आपल्या शाळांत सरसकट १२ इंची बॉल देतात, १२ इंच म्हणजे त्याचा घेर, साधारण ३० सेंटिमीटर, आणि वजन १७८ ते १९८ ग्रॅमच्या आसपास. अमेरिकेत दहा वर्षांखालच्या पोरींना ११ इंची बॉल देतात आणि ३५ फुटांवरनं टाकायला लावतात. आमची पाचवीतली पोरगी मोठ्यांचाच बॉल घेती आणि हात पुरत नाही म्हणून तळव्यात कोंबून धरती. तळव्यात बॉल रुतला की मनगट हलणारच नाही, तुम्ही कितीही मारायला लावा. अशा पोरीला मी बोटांच्या पेरांवर बॉल धरायला लावते, तळवा आणि बॉलमध्ये थोडी फट दिसली पाहिजे, आणि दोन-तीन मीटरवरनं हळू सोडायला लावते, कोपर न धरता, उभं राहून, हात बाजूला सैल सोडून. बॉलवर एक रंगीत चिकटपट्टी गोल लावायची. बॉल नीट फिरला की पट्टी एक सरळ रेघ दिसते, वेडावाकडा फिरला की पट्टी लडखडते, हे पोरीला स्वतःलाच दिसतं, सरांनी ओरडायला लागत नाही. हा झाला मनगटाचा, खरं तर बोटांचा ड्रिल. असे दहा-पंधरा, बास.

दुसरा उपयोग मोठ्या पोरींना, सोळा-सतरा वर्षांच्या, ज्यांची ॲक्शन बसलेली आहे आणि ज्यांना आता ड्रॉप (खाली पडणारा बॉल) किंवा राईज (वर जाणारा) शिकायचाय. बॉलला खाली पडायचं तर वरनं पुढं फिरायला पाहिजे, राईजला उलटं फिरायला पाहिजे, आणि ते फिरणं सुटायच्या वेळेला हात बॉलच्या कुठल्या बाजूला आहे यावर ठरतं. तिथं जवळनं हळू फ्लिक करून हाताची जागा शोधणं फायद्याचं असतं. सातवीतल्या पोरीला अजून ते नको. तिला सरळ फास्ट बॉल आणि नंतर एखादा चेंजअप, म्हणजे त्याच ॲक्शननं टाकलेला हळू बॉल, याच्या पुढं मी चौदा वर्षांपर्यंत जात नाही.

तुमच्या मुलीचा बॉल कधी खाली कधी वर जातो म्हणालात. बॉल लवकर सुटला की खाली टप्पा खातो, उशिरा सुटला की वर जातो. दोन्ही होतंय म्हणजे मनगट कमजोर आहे असं नाही, पाय पडायची वेळ आणि हाताची वेळ दर वेळी वेगळी होतीय. कधी पाय लांब पडतो, कधी आखूड, कधी डावीकडं, कधी अंग पुढं वाकतं. मनगटानं ते सावरायला गेलं की आणखी बिघडतं. मी आधी फक्कीनं एक सरळ रेघ मारते, पिचर जिथनं टाकते त्या प्लेटपासून होम प्लेटकडं, आणि डावा पाय रोज त्या रेघेवर आणि साधारण त्याच अंतरावर पडतोय का बघते. बॉल न घेता. पाय बसला की अर्धा कंट्रोल तिथंच येतो. माझ्याकडं कसबा बावड्याची एक पोरगी होती, मनगट असं की दुसऱ्या पोरी बघत राहायच्या, पण पाय पडताना गुडघा वाकत जायचा आणि सगळा जोर जमिनीत मुरायचा. तिच्या मनगटाला आम्ही हात लावला नाही, महिनाभर नुसता पुढचा पाय टणक ठेवणं आणि मागचा पाय घासत आणणं, एवढंच केलं, आणि कॅचर स्वतःच म्हणायला लागली बाई आता हात झोंबतोय.

मनगटाच्या ड्रिलच्या जागी काय करायचं तर मी उलटीकडनं बांधत जाते, बॉल सुटायच्या जागेपासून मागं. पोरगी थर्ड बेसकडं तोंड करून बाजूला उभी, वजन दोन्ही पायांवर, हात मागं ९ च्या थोडं खाली, सैल, तळवा थर्ड बेसकडं, आणि तिथनं हात खाली सोडायचा, कोपराखालची आतली बाजू कमरेला चाटली पाहिजे आणि बॉल आपोआप सुटला पाहिजे. अंतर चार-पाच मीटर, समोर जाळी नाहीतर जुनी गादी. सांगताना 'मनगट मार' म्हणायचं नाही, 'हात सैल, कमरेला चाटू दे' म्हणायचं. ते जमलं की हात १२ पासनं. मग डाव्या पायाचं पाऊल घेऊन. मग पूर्ण ॲक्शन, पण अर्ध्या-पाऊण अंतरावरनं, बॉल होम प्लेटवरनं गेलाच पाहिजे असं काही नाही, जोरात टाक एवढंच. प्रॅक्टिसचा अर्ध्याहून जास्त वेळ या शेवटच्या पूर्ण ॲक्शनला द्यायचा. बरेच जण तुकडे तुकडे ड्रिल करून घेतात आणि पूर्ण पिचला शेवटची पाच मिनिटं ठेवतात, आणि मग म्हणतात ड्रिलमध्ये जमतं मॅचमध्ये जमत नाही.

'हात सैल' याऐवजी 'मनगट सैल' म्हटल्यावर काही पोरींना पटकन कळतं, तर तसं म्हणा, त्याला माझी ना नाही. शब्द ज्या पोरीला जो लागू पडेल तो. मारायचं, झटकायचं, तोडायचं हे शब्द मात्र मी टाळते, ते ऐकलं की हात आवळतोच.

तपासायचं कसं, तर तुमच्या मोबाईलवर स्लो मोशन असेलच. दोन व्हिडिओ घ्या, एक सरांचा मनगटाचा ड्रिल, एक तिचा खरा पिच, दोन्ही थर्ड बेसच्या बाजूनं, कमरेच्या उंचीवर मोबाईल आडवा धरून. बॉल सुटतो त्या क्षणाला दोन्ही थांबवा. कोपर कुठं आहे, कमरेजवळ का लांब. तळवा कुठं बघतोय. सुटल्यानंतर हात स्वतःहून सैल वळून जातोय का मध्येच थांबून वर उचललाय. दोन्ही चित्रं सारखी दिसली तर ड्रिल थोडाफार कामाचा आहे असं म्हणा. नाही दिसली तर उत्तर तुमच्या हातात आहे. आणि पिचमध्ये हात चांगला वळत असेल, ड्रिलमध्येच वेगळा असेल, तर पोरीच्या अंगाला बरोबर रस्ता माहीत आहे, फक्त तो ड्रिल थांबवा आणि तिच्या ॲक्शनला कोण हात लावू देऊ नका.

दुखण्याबद्दल. अंडरआर्म टाकणं नैसर्गिक आहे, त्यानं काय होत नाही, असं आपल्याकडं सर्रास बोलतात, एका पिचरला अख्खी स्पर्धा टाकायला लावतात. विंडमिलमध्ये खांद्यावर येणारी ओढ मोजलेली आहे, ती जवळजवळ शरीराच्या वजनाच्या आसपास जाते, आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर, बायसेप्सवर, ओव्हरहँड, म्हणजे खांद्यावरनं मारलेल्या थ्रोपेक्षा जास्त ताण येतो. कोपराखालच्या हातात करंगळीच्या बाजूचं जे हाड असतं, अल्ना, त्याला पिचरमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सारखा ताण पडून हाडाला बारीक चीर, झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. तुम्ही जागा तीच सांगितलीय म्हणून लिहितेय, घाबरवायला नाही, बहुतेक वेळा स्नायूच दुखत असतो. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर दुखत असेल, रात्री दुखत असेल, किंवा आठवडाभर आराम देऊन पण कमी होत नसेल तर हाडाच्या डॉक्टरांकडं न्या आणि पिचिंग करते हे त्यांना आवर्जून सांगा. आपल्याकडं पहिलं तालमीत नेऊन मालिश करून घ्यायची सवय आहे, वस्तादांचा हात चांगला असतो हे मान्य, पण बारा वर्षांचं वाढतं हाड आहे, आधी डॉक्टर. मनगटाला वजनं बांधून फिरवणं, स्प्रिंग दाबणं वगैरे या वयात नको.

जपानच्या युकिको उएनोनं २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोन दिवसांत ४१३ पिच टाकले होते आणि गोल्ड आणलं, ही गोष्ट सगळे कोच पोरींना सांगतात, मी पण सांगते. फक्त ती तेव्हा वाढ पूर्ण झालेली ऑलिम्पिक खेळाडू होती. ड्रिलमधले बॉल पण बॉलच असतात, ते मोजात धरले पाहिजेत, दीडशे मनगटाचे करून वर पूर्ण पिच टाकले तर हाताला सुट्टी कधी मिळणार.

तर इथपर्यंतचं एवढं: दुखणं जाईपर्यंत मनगटाचा ड्रिल बंद, नंतर बोटं आणि फिरकी समजायला दहा-पंधरा, कोपर न धरता. बाकी वेळ पुढचा पाय, मागचा पाय, कमरेला चाटणारा सैल हात आणि कमी अंतरावरनं पूर्ण ॲक्शन. तिचा हात लहान असेल तर आधी बॉलची पकड बघा, ११ इंची मिळाला तर अजूनच चांगलं, घरच्या प्रॅक्टिसला तरी.

सरांना कसं सांगायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते मनात असणार. मोबाईलवरच्या अमेरिकन कोचचा व्हिडिओ ग्राउंडवर पोरींच्या समोर सरांना दाखवू नका, कुठल्याही सरांना ते आवडणार नाही, आणि त्याचा त्रास तुमच्या पोरीला होईल. प्रॅक्टिस संपल्यावर बाजूला जाऊन एवढंच म्हणा की सर, हात दुखतोय, थोडे दिवस मनगटाचं थांबवून जवळनं पूर्ण ॲक्शन केली तर चालेल का. दुखण्याला कोणी नाही म्हणत नाही. मग तिचेच दोन व्हिडिओ दाखवा आणि 'सर तुम्हाला काय वाटतं' म्हणून विचारा. आणि शक्य असेल तर आठवड्यातनं दोन दिवस तुम्ही स्वतः बॉल धरायला उभे राहा, मिट घालून, तोंडाला मास्क लावून. सरांना खरी अडचण माणसांची आहे, ड्रिलची नाही, धरणारं माणूस मिळालं की ते पण खूष.

आता शाळेच्या स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, ग्राउंडवर चिखल झाला की मागचा पाय घासायच्या ऐवजी घसरतो. तेव्हा सर परत मनगटाचा ड्रिल काढतील, कारण व्हरांड्यात तोच करता येतो. त्या दिवसांसाठी एक करा, जाड मोजे दोन-तीन जोड्या घट्ट गुंडाळून बॉलएवढा गोळा करा, वर चिकटपट्टी मारा, दोरीवर जुनी चादर टाका आणि चार-पाच मीटरवरनं पूर्ण ॲक्शननं त्या चादरीत टाकू द्या. वजन नाही त्यामुळं हाताला त्रास कमी, काच फुटत नाही, आणि पाय-कंबर-हात सगळं खऱ्यासारखं फिरतं. फक्त फरशी ओली नको, बूट घालूनच करायला लावा, आणि एका वेळेला वीस-पंचवीस झाले की थांबवा, कारण हलकं आहे म्हणून पोरी कितीही टाकत बसतात.

व्हिडिओ काढला तर टाका, बॉल सुटतानाचा हात आणि पुढचा पाय दिसेल असा, म्हणजे नेमकं सांगता येईल.